कल्हई उडाल्यावर

धनत्रयोदशीच्या तोंडावर पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या तांबाकाट्याला चक्कर मारली, तर गेल्या काही वर्षांतला बदल लगेच नजरेत भरतो. स्टीलचे डबे मागच्या फळीवर गेलेत आणि पुढे पितळ आलंय. मठार मारलेली पातेली, जाड बुडाच्या कढया, तांब्याचे लोटे, तांब्याच्या बाटल्या. घेणाऱ्यांत तरुण जोडपी बरीच दिसतात. नॉनस्टिकची धास्ती, ॲल्युमिनियमबद्दल ऐकलेलं काहीबाही आणि आजीच्या हातच्या आमटीची आठवण, अशी सगळी कारणं त्या खरेदीमागे असतात. ठोके देऊन भांडं घडवणाऱ्या कारागिराला पुन्हा काम मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पितळी पातेलं घरी नेणाऱ्या आईबापांना एक गोष्ट विकणाऱ्याने सांगायलाच हवी: तान्ह्या बाळाचं दूध यात तापवायचं नाही आणि ठेवायचंही नाही.

या सूचनेमागचा इतिहास पुण्यातच घडला आहे. कसब्यातल्या तांबट आळीपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर, रास्ता पेठेत, केईएम रुग्णालय आहे. १९७० आणि १९८०च्या दशकांत तिथल्या बालरोग विभागात एका विशिष्ट आजाराची मुलं येत. वय साधारण सहा महिने ते तीन वर्षं. मूल किरकिरं होई, खाईनासं होई, पोट पुढे येई. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोटांना यकृताची कड टणक आणि धारदार लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि मग बहुतेक मुलं काही महिन्यांतच दगावत. एखाद्या घरात पहिलं मूल असं गेल्यावर दुसरंही त्याच वाटेने जाई. ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ या नावाने हा आजार वैद्यकीय पुस्तकांत नोंदला गेला होता, पण तो कशाने होतो हे कळत नव्हतं. कुणी विषाणूवर बोट ठेवलं, कुणी धान्यातल्या बुरशीच्या विषावर, कुणी रक्तातल्या नात्यावर.

धागा सापडला तो यकृताच्या तुकड्यात. या मुलांच्या यकृतात तांबं भरलेलं होतं. निरोगी यकृताच्या एका ग्रॅम कोरड्या ऊतीत तांबं पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांत ते शेकड्यांत आणि हजारांत मोजलं गेलं. इतकं तांबं इतक्या लहान जिवाच्या पोटात गेलं कुठून? केईएमचे डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी त्यासाठी जे प्रश्न विचारले, ते केसपेपरवर सहसा नसतात. बाळाला वरचं दूध कितव्या महिन्यात सुरू केलं? ते कोणत्या भांड्यात तापवता? तापवल्यावर किती वेळ त्यातच राहतं? उत्तरांमधून पितळी आणि तांब्याची भांडी पुढे आली. टॅनर आणि पुण्याचे हे डॉक्टर यांचा शोधनिबंध १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तांबं उतरलेलं जनावराचं दूध फार लवकर सुरू करणं, हे या आजाराचं कारण असू शकतं, अशी त्याची मांडणी होती. पुढे आजारी मुलं आणि त्यांच्याच वयाची निरोगी मुलं यांच्या पाजण्या-भरवण्याचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला गेला, तेव्हाही हीच दिशा दिसली.

दुधाचं इथे काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. साधं पाणी त्यात राहिलं तर तांबं उतरतं ते अगदी थोडं. दूध मात्र ते भराभर ओढून घेतं, कारण दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. गरम दूध तासन् तास तिथेच राहिलं की प्रमाण वाढत जातं. त्यात नवजात बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा मोठा असतो आणि जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकण्याची त्याची ताकद अजून पुरी आलेली नसते. आईच्या दुधात तांबं बेताचंच असतं. म्हणजे अंगावर पिणारं बाळ सुरक्षित, आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच पितळी पातेल्यातलं गाई-म्हशीचं दूध मिळू लागलेलं बाळ धोक्यात. ज्या घरात दुभतं जनावर दारात होतं, भांडी पितळेची होती आणि बाळाला लवकर दूध पाजणं हे लाडाचं, ऐपतीचं लक्षण होतं, अशा खात्यापित्या घरातही हा आजार येत होता. मला या सगळ्या हकिगतीत हेच सर्वांत जिव्हारी लागतं. त्या आया काही कमी करत नव्हत्या. घरातलं उत्तम ते बाळाला देत होत्या.

अर्थात पितळी भांड्यातलं दूध प्यालेली सगळीच मुलं आजारी पडली नाहीत. काही मुलांच्या पेशींची घडणच तांब्याला लवकर बळी पडणारी असावी, असं तज्ज्ञ मानतात. त्याला दुजोरा मिळाला तो फार दूरच्या मुलखातून. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालकं अशाच यकृतविकाराने गेल्याची नोंद १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाली. तिथेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात आटवलेलं गाईचं दूध होतं, तिथेही घराण्याघराण्यांतून आजार चालत होता, आणि ती भांडी बदलल्यावर तिथूनही तो नाहीसा झाला.

आपल्याकडे आजार लवकर ओळखला तर पेनिसिलामिन हे औषध देऊन काही मुलं वाचवता येऊ लागली. पण खरा फरक पडला तो भांडं बदलल्याने. डॉक्टरांनी आयांना सांगितलं, गावोगाव समजावलं गेलं, आणि त्याच सुमारास बाजारानेही हात दिला. दुपारच्या वेळी बोहारीण दारात यायची, जुन्या साड्या-पँटी घासाघीस करून घ्यायची आणि बदल्यात स्टीलचं पातेलं किंवा डबा द्यायची. जड पितळी भांडी मोडीत निघाली. १९९०च्या दशकात हा आजार इतका विरळ झाला, की आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांना तो प्रामुख्याने पुस्तकातूनच माहीत असतो. म्हणूनच तो विसरला गेला. आणि तो विसरला गेलेला असताना पितळ परत येतंय, हे मला धोक्याचं वाटतं.

मग आपल्या पणज्यांनी काय केलं, असं कुणीही विचारेल. पणजीच्या घरी कल्हईवाला यायचा, हे त्याचं उत्तर. गल्लीच्या तोंडाशी खड्डा खणून तो भट्टी लावायचा, भात्याने कोळसा फुलवायचा. भांडं लालसर तापलं की आत नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवायची. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि आतला काळपटपणा सुटून धातू उघडा पडायचा. मग कथिलाची कांडी नुसती टेकवायची. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं, त्यामुळे ते क्षणात पसरतं. बोळ्याने ते सगळीकडे सारखं ओढून भांडं पाण्यात बुडवलं की आतून चांदीसारखं लखलखायचं. कथिलाचा हा पातळ थर अन्न आणि तांबं यांच्यामध्ये उभा राहतो. थर शाबूत असेल तर पितळी पातेल्यातली आमटी, भात, बासुंदी यांना काही होत नाही, आणि जाड पितळ उष्णता इतकी सारखी पसरवतं की अन्न बुडाला लागत नाही. पितळेचं हे खरं गुणाचं अंग आहे.

पण हा थर झिजतो. रोजच्या वापरात, त्यातही तारेच्या घासणीने, तो काही महिन्यांतच विरळ होतो. आत कुठे पिवळा किंवा तांबूस डाग दिसायला लागला की समजावं, भांडं आता उघडं आहे. अशा भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या बाईला सांगावं लागत नाही. कळकलेलं ताक प्यायल्यावर मळमळतं, उलट्या होतात. चिंच, आमसूल, टोमॅटो, लिंबू, लोणचं या सगळ्यांचं तेच. कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही आणि त्यात कडकडीत फोडणी करायची नाही, कारण २३२ अंश हा आकडा गॅसच्या मोठ्या ज्योतीवर कोरड्या भांड्याला गाठायला वेळ लागत नाही. कल्हईच्या भांड्याला लाकडी पळी आणि मऊ घासणी. आणि आपल्या जवळपास कल्हई करून देणारं कुणी आहे का, याची चौकशी भांडं घेण्याच्या आधी करावी. नसेल तर ते पातेलं शोभेसाठी घ्या.

कल्हई करून घेतली म्हणजे निर्धास्त झालो, असंही नाही. कथील महाग असतं आणि शिसं स्वस्त. डाग लावण्यासाठी वापरतात ती कथील-शिशाची मिश्र कांडी कल्हईला वापरली, तरी भांडं चमकतंच. शुद्ध कथिलाची कांडी कानाशी धरून वाकवली की बारीक करकर ऐकू येते. शिसं मिसळलं की तो आवाज मंदावतो. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण कल्हईवाल्याशी बोलायला सुरुवात करून देणारी नक्की आहे. चांगला कारागीर हा प्रश्न विचारल्यावर रागावत नाही, उलट कांडी हातात देतो. कल्हई न केलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातलं अन्न खाण्यास अयोग्य समजावं, असं १९५५च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतच लिहिलेलं होतं. उघड्या भांड्याचा धोका सरकारदरबारी तेव्हाच ठाऊक होता.

तांब्याच्या बाटलीबद्दल दोन वाक्यं. साधं पाणी रात्रभर तांब्यात ठेवलं तर जुलाबाचे काही जंतू मरतात, हे बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅमच्या आत राहिलं. त्यामुळे पाण्यासाठी ती चालते. लिंबू सरबत, ताक किंवा बाळाचं दूध यासाठी नाही.

शिसं मात्र एकट्या कल्हईपुरतं नाही. ज्याला आपल्याकडे अजून जर्मलची भांडी म्हणतात, त्या ॲल्युमिनियमबद्दलची आपली भीती बहुधा चुकीच्या जागी आहे. ॲल्युमिनियमने स्मृतिभ्रंश होतो हे सिद्ध झालेलं नाही. आंबट पदार्थात ते विरघळतं, म्हणून त्यात चिंचेची आमटी उकळू नये, सार तसंच रात्रभर ठेवू नये, एवढं पथ्य पुरतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी अधिक जपावं. खरा धोका आहे तो भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यांचा. जुने वाहनांचे भाग, बॅटऱ्यांसोबत आलेला कचरा, काय काय त्या भट्टीत जातं; त्यातून शिसं भांड्यात येतं आणि भांड्यातून अन्नात. अमेरिकेत सिएटलच्या परिसरात अफगाण निर्वासितांच्या मुलांच्या रक्तात शिसं का सापडतंय याचा माग काढताना आरोग्य कर्मचारी त्यांच्यासोबत आलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यांपर्यंत आणि प्रेशर कुकरपर्यंत पोहोचले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानदारांना पत्र पाठवून आयात केलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि ‘हिंडालियम’ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या भांड्यांतून शिसं उतरत असल्याचा इशारा दिला, आणि २०२५ मध्ये त्यात भारतात बनलेल्या भांड्यांची नावंही आली. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या लेकीसाठी बॅगेत कढई बांधून देणाऱ्या प्रत्येक आईने हे वाचायला हवं.

शिशाची सुरक्षित पातळी नावाची गोष्ट नसते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते लहान मुलाच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि कसलंही लक्षण न दाखवता करतं. म्हणून किलोवर विकली जाणारी, बनवणाऱ्याचं नाव नसलेली, खडबडीत ओतीव कढई कितीही स्वस्त मिळाली तरी तीत रोजचा स्वयंपाक करू नये. ॲल्युमिनियम घ्यायचंच तर आयएसआय चिन्हाचं घ्यावं. कुकर तर विनाचिन्ह घेऊच नये.

रोजच्यासाठी मी स्टीलच्या बाजूने आहे. त्याला चव नाही, गंध नाही, आंबट-तिखटाशी वैर नाही, आणि बाळाचं दूध, ताक, सोलकढी, लोणच्याचा खार, काहीही त्यात निर्धास्त ठेवता येतं. दुकानात ३०४ हा आकडा ऐकू येतो. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या २०१, २०२ जातींत निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं आणि त्या मिठाने, आंबटाने लवकर डागाळतात. लोहचुंबक लावून बघण्याची युक्ती बरेच जण सांगतात. ती फसवी आहे. ३०४ला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण २०२लाही चिकटत नाही. उलट इंडक्शनवर चालणाऱ्या चांगल्या भांड्याच्या बुडाला तो चिकटतो, कारण तिथे मुद्दाम चुंबकीय स्टील बसवलेलं असतं. त्यापेक्षा भांड्यावर जात कोरलेली आहे का आणि बनवणाऱ्याचं नाव आहे का, ते पाहावं. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी नव्या भांड्यात पहिले काही दिवस टोमॅटोसारखं आंबट फार वेळ शिजवू नये. स्टीलची खरी अडचण म्हणजे पातळ बुड. पिठलं लागतं, दूध करपतं. तिथे दुहेरी-तिहेरी थराच्या जाड बुडावर थोडे पैसे जास्त घालावेत.

लोखंडाबद्दल मला विशेष ओढ आहे, आणि तिला आधारही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. इथिओपियात झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोखंडी भांड्यात शिजवलेलं अन्न खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातलं खाणाऱ्या मुलांपेक्षा अधिक वाढलं. लोखंडी कढईतली मेथीची भाजी, बिडाच्या तव्यावरची घावनं आणि आंबोळ्या, ही नुसती चवीची गोष्ट राहत नाही. कढईला औषधाची जागा मात्र देऊ नये. रक्त कमी असेल तर गोळ्या घ्याव्याच लागतात. भाजी झाल्यावर लगेच काढून घ्यावी, कढई धुऊन आचेवर कोरडी करून तेलाचा हात फिरवावा. बीड सुरुवातीला चिकटतं म्हणून कंटाळून माळ्यावर टाकतात; तेल तापून तापून त्याचा काळा थर बसला की त्यावरून घावन आपसूक सुटतं. घरात थॅलेसेमियाचं मूल असेल तर लोखंड टाळावं, त्याच्या अंगात लोह आधीच साठत असतं.

नॉनस्टिकच्या बाबतीत लोक ज्याला घाबरतात त्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीला घाबरायला हवं. पृष्ठभागाचा टेफ्लॉन १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडला. तो थर पोटात गेला तरी पचत नाही, तसाच बाहेर पडतो. वाईट होतं ते तो बनवताना वापरलं जाणारं पीएफओए हे रसायन, जे पाण्यात आणि रक्तात वर्षानुवर्षं राहतं. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी ते २०१५ पर्यंत बंद केलं आणि २०१९ मध्ये टिकाऊ प्रदूषकांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात त्याचा समावेश झाला. घरातला धोका आहे तो आचेचा. २६० अंशांच्या पुढे हा थर बिघडू लागतो, आणखी तापला तर निघणारी वाफ पिंजऱ्यातल्या पोपटाला मारू शकते. आपल्या स्वयंपाकात तवा धूर निघेस्तोवर तापवायची सवय आहे. म्हणून भाकरी-पोळीला नॉनस्टिक नकोच; धिरड्याला, मंद आचेवर, रिकामं न तापवता चालेल. खरवडलं की टाकून द्यावं.

मातीच्या भांड्यांना राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत सुरक्षित भांड्यांत वरचं स्थान दिलं आहे. खानदेशातले खापरावरचे मांडे काय किंवा गोव्याच्या मडक्यातलं हुमण काय, त्यांना तोड नाही. बिनचकाकीची, साधी भाजलेली माती घ्यावी. रंगीत, चकचकीत लेप असलेल्या भांड्यात शिसं असू शकतं.

केंद्र सरकारने १४ मार्च २०२४ रोजी आदेश काढून स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करण्याचं पाऊल उचललं, ते फार आधी उचलायला हवं होतं. आता तीच काळजी कल्हईच्या कथिलाची घेतली गेली पाहिजे. शिसंविरहित कथिलाच्या कांडीवर छाप असावा, ती कारागिरांना परवडेल अशा दरात मिळावी, आणि पितळेच्या प्रत्येक नव्या पातेल्यासोबत कल्हई पुन्हा कधी करायची आणि त्यात काय ठेवायचं नाही हे मराठीत छापलेली चिठ्ठी असावी. चिठ्ठीतली पहिली ओळ बाळाच्या दुधाची. तोवर, नव्या बाळंतिणीला पितळेची वाटी-पातेली भेट देणाऱ्या मावशी-आत्यांनी सोबत दूध तापवायला एक जाड बुडाचं स्टीलचं पातेलंही द्यावं, आणि ते कशासाठी आहे हे तिच्या सासूसमोर सांगावं.